जागेवर बसून काढलेलं चित्र म्हणजे डोळ्यांनी केलेला पंचनामा

आपल्याकडं मराठवाड्यात पंचनामा म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही. गारपीट झाली, गंजी जळाली, वीज पडून बैल गेला की तलाठी येतो, गावातले पंच उभे राहतात आणि कागदावर उतरतं की अमुक गट नंबर, अमुक तारीख, सकाळी इतक्या वाजता समक्ष पाहणी केली असता असं असं दिसून आलं. त्या कागदात सगळ्यात वजनदार शब्द ‘समक्ष’ हाच. मला गेली बरीच वर्षं जागेवर बसून चित्र काढायचा नाद आहे, ज्याला ऑन लोकेशन स्केचिंग म्हणतात, आणि हे नेमकं काय असतं, फोटो असताना कशाला काढायचं, असं कुणी विचारलं की मी हेच सांगतो, बाबा हा पंचनामा आहे, जे समोर आहे ते, त्या जागी बसून, त्या वेळेला, आपल्या डोळ्यांनी बघून कागदावर घेतलेलं.

सुंदर चित्र काढणं हा वेगळा विषय आहे आणि त्याचा मान मोठाच आहे. पण इथं उद्देश नोंद ठेवण्याचा असतो. त्यामुळे ‘माझी चित्रकला चांगली नाही’ हे कारण इथं चालत नाही, पंचनामा लिहिणाऱ्याचं अक्षर वाकडं असलं तरी पंचनामा खोटा ठरत नाही ना, तसंच.

आता मला हे कुठं समजलं ते सांगतो. औसा तालुक्यात माझ्या आत्याचं जुनं माळवदाचं, म्हणजे लाकडावर माती टाकलेल्या सपाट छताचं, घर होतं. ते पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं तेव्हा मी जाऊन मोबाईलवर साठ-सत्तर फोटो काढून आणले, वाटलं झालं काम, घर आता जपलं गेलं. महिन्याभरानं बसून त्या फोटोंवरून घराचा नकाशा कागदावर मांडायला घेतला तर जमेचना. ढाळजेतून, म्हणजे दारालगतच्या बसायच्या ओसरीतून, चौकात यायला पायरी खाली होती का वर, माळवदावर जायचा जिना भिंतीतून होता तो कुठल्या खोलीच्या डोक्यावर निघायचा, काहीच सांगता येईना. फोटोत सगळं होतं आणि मला त्यातलं काही माहीत नव्हतं. नशिबानं पाडायचं काम दिवाळीपर्यंत लांबलं होतं, मग वही घेऊन परत गेलो आणि ढाळजेत पोत्यावर तीन तास बसलो.

तीन तासात पहिला एक तास नुसता दरवाजात गेला. दरवाजाला आतून अडसर होता, म्हणजे जाड लाकडाचा आडवा दांडा जो दार लावल्यावर मागून सरकवतात. लहानपणापासून तो अडसर मी बघत आलो होतो, त्याला लोंबकळलो होतो. पण काढायला घेतल्यावर प्रश्न पडला की दार उघडं असताना हा दांडा जातो कुठं, कारण माझ्या चित्रात त्याला जायला जागाच नव्हती. उठून बघितलं तर एका बाजूच्या भिंतीत खोबणी वीतभर खोल आणि दुसऱ्या बाजूला हात घातला तर खांद्यापर्यंत आत जातो, अख्खा दांडा भिंतीच्या पोटात सरकवून ठेवायची सोय. आतला दगड सागवानी दांडा घासून घासून गुळगुळीत झालेला, हाताला साबणासारखा लागत होता. आत्या बाजूला शेंगा फोडत बसली होती, ती म्हणाली, “काय काढायलास रे एवढं, दार हाय ते.” आणि मग दोन मिनिटांनी तिनंच सांगायला सुरुवात केली की त्या खोबणीत तिचे सासरे रोख्याचे कागद ठेवायचे, रझाकाराच्या वेळेला.

साठ फोटो काढताना ह्यातलं एकही बोलणं झालं नव्हतं, कारण मी घरात असा फिरत होतो जसा मीटर रीडिंगवाला फिरतो. बसलो तेव्हा माणूस बोलायला लागला. हे फार महत्त्वाचं आहे, चित्र काढायला वेळ लागतो हीच त्याची किंमत आहे, त्या वेळात जागा आपल्याला स्वतःबद्दल सांगत राहते, माणसं येऊन बसतात, चूक दुरुस्त करतात, शब्द देतात. त्या एका पानावर मी आत्याच्या तोंडून आलेली नावं लिहून घेतली, बळद म्हणजे धान्य साठवायची भिंतीतली पोकळ कोठी, साणं म्हणजे माळवदातलं उजेडाचं भोक, दिवळी म्हणजे भिंतीतला कोनाडा, खण म्हणजे दोन खांबांमधली जागा, पन्हाळ म्हणजे छताचं पाणी बाहेर टाकणारी नळी. माझ्या मुलीला ह्यातला एकही शब्द माहीत नव्हता, आता त्या पानावरून माहीत झालाय.

फोटोनं असं का होतं ह्यावर लोकांनी अभ्यास पण केलाय. अमेरिकेतल्या लिंडा हेंकेल ह्या मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेनं २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला, लोकांना म्युझियममध्ये फिरवलं, काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले आणि काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर ज्यांचे फोटो काढले त्याच वस्तू लोकांना कमी आठवल्या. म्हणजे कॅमेऱ्यानं घेतलं म्हटल्यावर मन मोकळं होतं, आता मला लक्षात ठेवायची गरज नाही असं ते आपोआप ठरवतं. त्याच प्रयोगात झूम करून एखाद्या भागाचा फोटो घेतला तर मात्र आठवण टिकली, म्हणजे नीट लक्ष देऊन बघितलं का नाही ह्यावर सगळं अवलंबून आहे. उलट बाजूनं कॅनडाच्या वॉटरलू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की एखादा शब्द नुसता लिहून काढण्यापेक्षा त्याचं चित्र काढलं तर तो जास्त चांगला लक्षात राहतो, चित्र काढायला अगदी चार सेकंद दिले तरी, आणि चित्र चांगलं आलं का वाईट ह्यानं काही फरक पडत नाही. कारण चित्र काढताना एकाच वेळी डोळा बघतो, हात हलतो आणि डोकं ‘ह्याचा आकार कसा आहे’ हे ठरवतं, तीन वाटांनी एकच गोष्ट आत जाते.

पण मग हात अडतो कुठं? हात अडतो ते माहितीमुळे. शाळेत आपण सगळ्यांनी एक चित्र काढलंय, दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, त्यातून येणारी नदी, बाजूला झोपडी आणि नारळाचं झाड. लातूरच्या, बीडच्या, परभणीच्या मुलानं अंगणात नारळ बघितलेला नसतो, त्याच्या खिडकीतून कडुलिंब आणि बाभळ दिसते, तरी तो नारळ काढतो कारण ‘खेडं’ ह्या शब्दाचं चित्र त्याच्या डोक्यात आधीच छापलेलं असतं. मोठेपणी पण आपण तेच करतो, डोळा म्हटलं की मासोळी काढतो, खिडकी म्हटलं की चौकट काढतो. जागेवर बसून काढणं म्हणजे तो छाप बाजूला सारून समोरचं बघणं. सुरुवातीला हे अवघड जातं, मग एक युक्ती फार कामाला येते, वस्तू काढायच्या ऐवजी दोन वस्तूंमधली मोकळी जागा काढायची. बैलाच्या चार पायांमधून दिसणाऱ्या जमिनीचे आणि आभाळाचे तुकडे काढले की पाय आपोआप बरोबर येतात, कारण त्या तुकड्यांना डोक्यात नाव नसतं, छाप नसतो, ते बघूनच काढावे लागतात.

दुसरी गोष्ट मापाची. हात पूर्ण ताठ ठेवून पेन्सिल समोर धरायची, एक डोळा मिटायचा, आणि पेन्सिलच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत एखाद्या वस्तूची उंची पकडायची. समजा दरवाजा पकडला, मग तोच अंगठा न हलवता बघायचं की अख्खा वाडा दरवाज्याच्या किती पट उंच, किती पट रुंद. कोपर वाकलं की माप चुकलं, कारण पेन्सिल डोळ्याच्या जवळ आली, एवढं एकच पथ्य आहे. मी दरवेळी पहिल्या दोन मिनिटांत तीन-चार अशी मापं घेतो आणि कागदावर बारीक ठिपके देतो, मग नंतर कितीही रमलो तरी मिनार कागदाच्या बाहेर जात नाही.

मिनारावरून आठवलं, यथार्थदर्शन म्हणजे पर्स्पेक्टिव्ह, ज्याच्या नावानं एलिमेंटरी-इंटरमिजिएट ह्या चित्रकलेच्या परीक्षांना आपल्या पोटात गोळा यायचा, ते दौलताबादच्या चांदमिनारापुढं बसल्यावर जितकं सोपं कळतं तितकं फळ्यावर कळत नाही. आधी घरी एक स्टीलचा ग्लास घ्या. डोळ्याच्या बरोबर समोर धरा, काठ एक सरळ रेघ दिसतो. खाली न्या, तोंड उघडतं, लंबगोल दिसतो, आणि जवळची कड खाली फुगलेली असते. डोळ्याच्या वर न्या, आता जवळची कड वर फुगलेली दिसते. बस, एवढंच. चांदमिनाराचे सज्जे एकावर एक गोल आहेत आणि सगळे आपल्या डोळ्याच्या वर आहेत, म्हणून प्रत्येक सज्जाची पुढची कड कमानीसारखी वर फुगते आणि जितकं वर जावं तितकी कमान जास्त वाकते. नवखा माणूस सगळे सज्जे सरळ पट्ट्यांसारखे काढतो आणि मग मिनार पुठ्ठ्याचा का दिसतो हे त्याला कळत नाही. जिथं काठ सरळ रेघ दिसतो ती आपल्या डोळ्याची पातळी, तीच क्षितिजाची रेघ. बसलो तर ती खाली येते, गच्चीवर गेलो तर आपल्याबरोबर वर येते. आपल्यापासून लांब जाणाऱ्या सगळ्या आडव्या रेघा तिच्याकडंच धावतात, वरच्या खाली उतरत, खालच्या वर चढत. लातूरच्या गंजगोलाईत जिथं मधोमध जगदंबेचं मंदिर आहे आणि चहूबाजूंनी सोळा रस्ते येऊन मिळतात, तिथं बसून मी हे शिकलो, कारण तिथं प्रत्येक रस्ता वेगळ्या दिशेला जातो, प्रत्येकाचं टोक वेगळं, पण सगळी टोकं माझ्या डोळ्याच्या एकाच उंचीवर येतात हे बघितल्यावर मला अक्षरशः आनंदानं हसू आलं होतं.

हलणाऱ्या गोष्टींचं काय, हा प्रश्न नेहमी येतो. बाजार काही आपल्यासाठी थांबत नाही. जनावरांच्या बाजारात बैल मान हलवतो, शेपटी मारतो, मालक त्याला फिरवून दाखवतो. इथं एका पानावर एकच बैल काढायला जाऊ नका, पाच-सहा चित्रं एकदम सुरू करा. मान खाली घातली, एक सुरू केलं, मान वर केली, ते सोडून दुसरं सुरू केलं, आणि जनावर दर दोन-चार मिनिटांनी फिरून त्याच पवित्र्यात येतं, की आपण परत पहिल्या चित्राकडं जायचं. माणसं पण तशीच असतात, भाजीवाली वजन करते, पैसे घेते, पाणी शिंपडते, परत वजन करते. पंधरा मिनिटं नुसतं बघत बसलं की तिचा फेरा कळतो आणि मग ती हलत असली तरी आपल्यासाठी थांबल्यासारखीच असते. आपल्या भागातल्या देवणी आणि लाल कंधारी ह्या दोन जातींचं तर मला विशेष प्रेम आहे, देवणीचे लोंबते कान आणि काळे-पांढरे ठिपके, लाल कंधारीचा तो गडद विटकरी रंग. शेतात ट्रॅक्टर आलाय, दावणीला बैल कमी होत चाललेत, त्यामुळं शिंगांचं वळण, वशिंडाचा उंचवटा, झूल, गोंडे, कासरा कसा बांधलाय हे सगळं मी बारीक टिपून ठेवतो आणि बाजूला मालकानं सांगितलेलं वय आणि गाव लिहितो. मालकाचं नाव मात्र विचारल्याशिवाय लिहीत नाही.

आता जिथं फोटो थांबतो आणि चित्र पुढं जातं त्या जागेबद्दल, कारण मला वाटतं खरा मुद्दा इथं आहे. फोटो पृष्ठभाग दाखवतो. चित्र वस्तू कापून दाखवू शकतं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला काय झालं हे आपल्याकडं कुणाला सांगायची गरज नाही, गणपती बुडवून लोक झोपले होते. इतकी माणसं का गेली ह्याचं मोठं कारण घरांच्या भिंतीत होतं. आपली दगडमातीची भिंत दोन-दोन फुटांहून जाड, लोक म्हणायचे किल्ल्यासारखी आहे. पण ती एक भिंत नसायची, बाहेरच्या अंगाला एक दगडांचा थर, आतल्या अंगाला दुसरा थर, आणि मधे चिखल आणि बारीक दगडगोट्यांची भर, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड बहुतेक ठिकाणी नसायचे. वर माळवदाची जड माती, दर पावसाळ्याआधी नवी टाकून टाकून थर वाढत गेलेला. जमीन हलली की दोन्ही थर फुगून वेगळे झाले, भिंत ढासळली आणि वरची माती खाली आली. बऱ्याच घरांत आतला लाकडी खणाचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या पडल्या.

हे सगळं मी इतक्या शब्दांत सांगितलं, पण भिंतीचा एक उभा काप काढला, दोन बाजूला मोठे दगड, मधे ठिपके ठिपके, वर मातीचा जाड पट्टा, की गवंड्यापासून शाळेतल्या पोरापर्यंत सगळ्यांना अर्ध्या मिनिटात समजतं. उभ्या भिंतीचे हजार फोटो काढले तरी तिचं पोट त्यात दिसणार नाही. आत्याचं घर पाडताना मी परत गेलो होतो, पाडलेल्या कडेपाशी बसून हा काप काढला, आणि कुठं आरपार दगड सापडतो का ते बघत होतो, एका कोपऱ्यात दोन सापडले. आत्या म्हणाली त्या कोपऱ्याचं काम दुसऱ्या गवंड्यानं केलेलं. भूकंपानंतर ५२ गावांचं नव्या जागी पुनर्वसन झालं, सरळ रस्ते, एका मापाची घरं. जुन्या गावातली वळणं, पारावरची बसायची जागा, कुणाची ढाळज कुणाच्या समोर होती हे आता फक्त म्हाताऱ्या माणसांच्या सांगण्यात उरलंय आणि ती माणसं दरवर्षी कमी होताहेत. माझं कळकळीचं म्हणणं आहे की अशा माणसांपाशी वही घेऊन बसा, ते सांगतील तसं काढा, ते म्हणतील ‘नाही नाही, आड इकडं होता’, मग खोडा, परत काढा. हे समक्ष नाही हे मान्य, पण मग पानावर तसं स्पष्ट लिहा की हे ऐकून काढलंय.

काप काढायची ही पद्धत पुरातत्त्ववाले आजही वापरतात, कॅमेरे त्यांच्याकडं कितीही भारी असले तरी. धाराशिव जिल्ह्यात तेर आहे, जुनं तगर, तिथं खोदकामात खापरं निघाली. खापराचं चित्र काढताना भांड्याच्या मधोमध एक उभी रेघ मारतात, एका बाजूला भांडं बाहेरून कसं दिसतं ते आणि दुसऱ्या बाजूला कापल्यावर जाडी किती, काठ कसा वळलाय ते. त्या काठाच्या वळणावरून भांडं कुठल्या काळातलं हे जाणकार ओळखतो. तेरच्या संग्रहालयात गेलात तर एखाद्या भांड्यापुढं असं बसून बघा.

खरं-खोटं हा प्रश्न पण नीट समजून घ्यायला पाहिजे. गॅब्रिएल कॅम्पानारिओ नावाच्या, सिएटलच्या वर्तमानपत्रात काम करणाऱ्या पत्रकार-चित्रकारानं २००७ मध्ये जगभरच्या अशा लोकांना एकत्र आणायला सुरुवात केली, त्यातून अर्बन स्केचर्स ही चळवळ उभी राहिली आणि आज मुंबई-पुण्यासकट कितीतरी शहरांत तिचे गट आहेत. त्यांच्या जाहीरनाम्यात दोन गोष्टी मला सगळ्यात मोलाच्या वाटतात, एक म्हणजे चित्र जागेवर बसून प्रत्यक्ष बघून काढायचं, आणि दुसरी, जे बघितलं त्याच्याशी प्रामाणिक राहायचं. नावात अर्बन असलं तरी खेड्याला काही बंदी नाही.

प्रामाणिक म्हणजे किती? बीबी का मकबरा काढताना समोरची विजेची तार काढायची का गाळायची? सगळं कागदावर येऊच शकत नाही, निवड करावीच लागते, पंच पण शेतातलं प्रत्येक पान मोजत नाही. माझा नियम असा की गाळलं तर चालेल, पण नसलेलं घालायचं नाही आणि असलेलं सरकवायचं नाही. आणि खरं सांगू का, मी तार गाळत पण नाही. छत्रपती संभाजीनगरचा भडकल दरवाजा मलिक अंबरच्या काळातला, पण त्याच्या खालून जाणारी रिक्षा आजची आहे, आणि पन्नास वर्षांनी ज्याला हे पान सापडेल त्याला दरवाज्याचे हजार फोटो मिळतील, ती रिक्षा, ते फलक, पोलीस कठड्यावर वाळत घातलेला रुमाल मिळणार नाही. सामान्य गोष्टच आधी नाहीशी होते.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा सगळ्या देशानं गाडीचे फोटो बघितले. माझ्या पहिल्या वहीत त्याच महिन्यातलं एक पान आहे, आमच्या गल्लीतल्या टँकरच्या रांगेचं. माणसं सावलीत बसलेली आणि उन्हात रांगेत नुसत्या घागरी, ४१ घागरी, प्रत्येकीवर ऑइलपेंटनं आडनाव किंवा खूण, एकीला लाल चिंधी. टँकर येईपर्यंत मी ती रांग काढली, खाली वेळ लिहिली, १०.२० ते १२.४५, आणि टँकर आल्यावर पाच मिनिटांत कागदावरचं सगळं खरं राहिलं नाही. चित्र साधंच आहे. पण बाजूच्या वहिनी ते पान बघतात तेव्हा अजून आपली घागर शोधतात.

दुःखाची नोंद चित्रानं ठेवण्यात आपल्या देशात मोठी माणसं होऊन गेलीत. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्तप्रसाद हा तरुण चित्रकार मेदिनीपूर भागात पायी फिरला, भुकेली माणसं समोर बसून काढली, त्यांची हकीगत लिहून घेतली, आणि त्याची जी पुस्तिका निघाली ती इंग्रज सरकारनं जप्त करून जाळली. सरकार नुसत्या काळ्या शाईच्या रेघांना घाबरलं ते त्या रेघा समक्ष पाहिलेल्याच्या होत्या म्हणून. फक्त अशा वेळी माणसाचा मान राखायचा, पाण्याच्या रांगेत, दवाखान्यात, मयतीच्या घरी विचारल्याशिवाय वही उघडायची नाही, आणि चेहरा ओळखू येईल असं काढायचं असेल तर दाखवून परवानगी घ्यायची. मी बहुतेक वेळा पाठमोरं काढतो.

सामानाचं थोडक्यात सांगतो कारण लोक इथंच अडकून बसतात. शंभर पानी वही आणि साधं जेल पेन पुरतं. रंग लावणार असाल तर जाड कागद आणि पाण्यानं न पसरणारी शाई बघा, रेघ मारा, दोन मिनिटं थांबा, ओलं बोट फिरवा, पसरली तर ती शाई रंगाच्या कामाची नाही, पण मग त्याच पसरण्यातून सावली मस्त देता येते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पाण्याचा रंग कागदावर ठेवेपर्यंत वाळतो, त्यामुळे सकाळी नऊच्या आत काम उरका. आणि वही सावलीत धरा, उन्हात पांढरा कागद इतका चमकतो की आपण रंग गरजेपेक्षा गडद लावतो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. वेरूळ-अजिंठ्याला साध्या वहीला सहसा कुणी काही म्हणत नाही, स्टँड वगैरे लावायचा असेल तर आधी तिथल्या ऑफिसात विचारून घ्या, आणि भिंतीला हात लावू नका. प्रत्येक पानावर तारीख, वेळ, गाव आणि आपण कुठल्या दिशेला तोंड करून बसलो होतो एवढं लिहाच.

अजिंठा-वेरूळचं नाव निघालं तर हे पण सांगायलाच पाहिजे की जागेवर बसून नोंद घ्यायची परंपरा आपल्याच मातीत केवढी जुनी आहे. १७९० च्या दशकात, फोटोचा शोध लागायच्या कितीतरी आधी, पुण्याचा गंगाराम तांबट हा मराठी चित्रकार वेरूळला जाऊन लेणी काढत होता, पेशव्यांच्या दरबारात असलेल्या चार्ल्स मॅलेट ह्या इंग्रज रेसिडेंटसाठी, म्हणजे कंपनी सरकारच्या प्रतिनिधीसाठी. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. कैलास लेणं कागदावर उतरवायला बसलेला तो माणूस मी डोळ्यापुढं आणतो तेव्हा मला फार जवळचा वाटतो, त्यानं पण असाच हात ताठ करून एक डोळा मिटला असेल.

अजिंठ्याची गोष्ट मात्र चटका लावणारी आहे. १८१९ साली जॉन स्मिथ ह्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला ही लेणी पडली, आणि १८४४ पासून रॉबर्ट गिल हा मद्रास फौजेतला अधिकारी तिथल्या भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करायला लागला, अजिंठ्यात राहून, वर्षानुवर्षं. त्याची मोठी मोठी चित्रं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती, डिसेंबर १८६६ मध्ये तिथं आग लागली आणि बहुतेक सगळी जळाली. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले, १८८५ पर्यंत काम चाललं, ते काम पण लंडनला गेलं आणि त्याच वर्षी तिथल्या आगीत त्यातलं बरंच जळालं. तिसऱ्यांदा १९०९ ते १९११ च्या दरम्यान लेडी हेरिंगहॅम ह्या इंग्रज चित्रकार आल्या, त्यांच्याबरोबर तरुण नंदलाल बोस होते, ज्यांनी पुढं आपल्या संविधानाची हस्तलिखित प्रत सजवली, आणि निजामाच्या राज्यातले सय्यद अहमद होते जे नंतर अजिंठ्याचेच होऊन राहिले.

मधल्या काळात खुद्द भिंतीवरचे रंग पडत होते, आधीच्या लोकांनी लावलेल्या वॉर्निशनं पिवळे पडत होते. त्यामुळे भिंतीवरून गेलेला एखादा भाग कसा होता हे बघायला अभ्यासक आज ह्या नकलांकडंच जातात, जेवढ्या वाचल्या तेवढ्यांकडं.

दोन आगींची ही हकीगत वाचल्यापासून मी एक सवय लावून घेतलीय. वही भरली की सगळी पानं स्कॅन करून दोन वेगळ्या घरी ठेवतो, आणि ज्याच्या घराचं, दुकानाचं, बैलाचं चित्र आहे त्याला एक झेरॉक्स नेऊन देतो. आत्याच्या घराची पानं तिच्या लोखंडी पेटीत लुगड्याखाली आहेत. मागच्या पंचमीला गेलो तर तिनं ते ढाळजेचं पान काढलं, नव्या स्लॅबच्या घरात फरशीवर पसरलं आणि दरवाज्याच्या उजव्या अंगाला बोट ठेवून म्हणाली, “हितं एक खुंटी होती बघ, तुझ्या मामाची टोपी असायची, ती घ्यायची राहिली तुझी.” पेन तिनंच दिलं. मी खुंटी काढली आणि बाजूला लिहिलं, आत्यानं सांगितल्यावरून, नागपंचमी.